टेक्ससच्या ग्रामीण काउंटीत तिकीट मिळालं तर: कोर्ट कसं शोधायचं, प्रकरण कसं मिटवायचं

डॅलसहून बिग बेंडला, ह्यूस्टनहून लबकला किंवा ऑस्टिनहून अमरिलोला जाताना रस्ता कित्येक काउंट्यांमधून जातो. त्यातल्या एखाद्या काउंटीत मागे लाल-निळे दिवे लागतात, तिकीट हातात पडतं, आणि घरी पोचल्यावर तो भाग नेमका कोणता होता हेही सांगता येत नाही. तिकीट देणारं गाव पाच तास दूर असतं, कोर्टाची धड वेबसाइट नसते, फोन कोणी उचलत नाही. मग दोन टोकाच्या चुका होतात. काहीजण मिळेल त्या पेमेंटच्या पानावर कार्ड टाकून मोकळे होतात, तर काहीजण तो कागद ड्रॉवरमध्ये टाकतात आणि लायसन्स रिन्यू करायची वेळ येईपर्यंत विसरून जातात.

दोन्ही महाग पडतात. पहिली चूक कमी दिसते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

टेक्ससच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार तिकिटाचा दंड भरला की 'नो कॉन्टेस्ट' म्हणजे 'मी आरोप लढवत नाही' असं म्हटल्यासारखं धरलं जातं आणि तुम्ही दोषी ठरता. निकाल डीपीएसकडे, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे जातो, तुमच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर चढतो, आणि पॉलिसी रिन्यू होताना विमा कंपनीला दिसतो. साध्या स्पीडिंगचं प्रकरण रेकॉर्डवर न चढता मिटवायचे दोन सरळ मार्ग कायद्यातच आहेत, पण ते पैसे भरण्याआधी मागावे लागतात. भरल्यानंतर क्लार्कला कितीही विनवलं तरी तो काही करू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने केस संपलेली असते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोर्ट शोधा, मग तारीख पाहा, मग पर्याय मागा, आणि पैसे सर्वात शेवटी.

तिकीट कोणी दिलं यावर कोर्ट ठरतं

टेक्ससमध्ये २५४ काउंट्या आहेत. बिग बेंड ज्या ब्रूस्टर काउंटीत आहे तिचं क्षेत्रफळ पुणे जिल्ह्यापेक्षा थोडं जास्तच आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे दहा हजारांहून कमी माणसं होती. लव्हिंग काउंटीत तर ६४. अशा ठिकाणी पाच-सहा काउंटर असलेलं भव्य ट्रॅफिक कोर्ट नसतं. असतो तो जस्टिस ऑफ द पीस, ज्याला सगळे जेपी म्हणतात. तो लोकांमधून निवडून येतो, वकील असायलाच हवा असा नियम नाही, आणि त्याच्या हाताखाली बहुधा एखाद-दुसरा क्लार्क असतो. काउंटीचे एक ते आठ प्रिसिंक्ट पाडलेले असतात आणि प्रत्येक प्रिसिंक्टचा जेपी वेगळा, फोन वेगळा, पत्ता वेगळा. प्रिसिंक्ट १ च्या क्लार्कला प्रिसिंक्ट ३ चं तिकीट कदाचित दिसणारही नाही.

थांबवणारा कोण होता ते आठवा. काळी-पांढरी गाडी आणि काउबॉय हॅट घातलेला राज्याचा ट्रूपर, काउंटीच्या शेरीफचा डेप्युटी किंवा प्रिसिंक्टमधून निवडून आलेला कॉन्स्टेबल असेल, तर तिकीट जवळजवळ नक्की जेपी कोर्टात जातं. गावाच्या हद्दीत गावच्या पोलिसाने थांबवलं असेल तर म्युनिसिपल कोर्टात. हायवे छोट्या गावात शिरतो तिथे वेगमर्यादा ७५ वरून ५५ आणि पुढे ३५ वर पटापट उतरते. तिथलं तिकीट गावाचं आहे की काउंटीचं, ते गणवेशावरच्या बिल्ल्यावरून किंवा कागदाच्या वरच्या ओळीवरून कळतं.

अशा गावांबद्दल 'तिकिटांवरच गाव चालतं' असं लोक म्हणतात. कायद्याने त्याला मर्यादा घातली आहे. पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावाला वाहतूक दंडातून आधीच्या वर्षीच्या इतर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच रक्कम ठेवता येते, त्यावरची राज्याला द्यावी लागते. पोलिसांना तिकिटांचा कोटा ठरवून देणंही टेक्ससमध्ये बेकायदेशीर आहे. हे माहीत असावं, पण कोर्टात हा मुद्दा काढून तुमचं तिकीट रद्द होत नाही.

एक तिसरी शक्यता बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाच्या आत पार्क रेंजरने तिकीट दिलं असेल तर ते केंद्र सरकारचं असतं. काउंटीला त्याची खबरही नसते. असं तिकीट सेंट्रल व्हायोलेशन्स ब्यूरो या केंद्रीय कार्यालयाकडे जातं. त्याची स्वतःची वेबसाइट आणि फोन नंबर आहे. सैनिकी तळाच्या आत मिळालेल्या तिकिटाचंही तसंच. या लेखात पुढे सांगितलेले टेक्ससच्या कायद्यातले पर्याय त्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

कागद हातात असेल तर

गाडीतल्या छोट्या प्रिंटरमधून निघालेलं तिकीट बरेचदा पावतीसारख्या पातळ कागदावर असतं. डॅशबोर्डवर उन्हात राहिलं की अक्षरं उडतात. मिळाल्या मिळाल्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

त्यात बघायच्या गोष्टी: सायटेशन नंबर म्हणजे तिकिटाचा क्रमांक, कोर्टाचं नाव आणि प्रिसिंक्ट, हजर राहण्याची तारीख, नोंदवलेला वेग आणि तिथली मर्यादा, आणि 'कन्स्ट्रक्शन झोन, कामगार हजर' या चौकटीवर खूण आहे का. या शेवटच्या खुणेमुळे पुढचे जवळजवळ सगळे सोपे दरवाजे बंद होतात, म्हणून ती आधी शोधा. दंडाची रक्कम कागदावर बहुधा नसते. ती कोर्ट ठरवतं, त्यामुळे त्याच वेगाला शेजारच्या काउंटीत वेगळा आकडा असू शकतो.

तिकिटावर सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं नाही. सही म्हणजे कोर्टाला उत्तर देईन एवढंच वचन. ती नाकारली तर मात्र पोलीस अटक करू शकतो, तेव्हा वाद घालू नका, सही करा.

कागद हरवला असेल किंवा ऑनलाइन सापडत नसेल तर

आधी जागा नक्की करा. फोनच्या मॅपमध्ये त्या दिवसाचा प्रवास साठवलेला असेल तर थांबलेली जागा आणि वेळ दिसते. नसेल तर पेट्रोल पंपाची किंवा जेवणाची कार्डावरची नोंद मदतीला येते. जागा कळली की काउंटी कळते. मग टेक्ससच्या ऑफिस ऑफ कोर्ट ॲडमिनिस्ट्रेशनच्या वेबसाइटवर राज्यातल्या सगळ्या कोर्टांची यादी आहे, तिथून त्या काउंटीतल्या प्रत्येक जेपीचा फोन मिळतो. प्रिसिंक्ट माहीत नसेल तर एकामागून एक सगळ्यांना फोन करायचा. दोन-चारच असतात.

सकाळी आठ-नऊच्या सुमाराला फोन करा. बारा ते एक अनेक ठिकाणी कार्यालय चक्क बंद असतं, आणि ज्या दिवशी जेपीसमोर सुनावण्या असतात त्या दिवशी क्लार्क फोन उचलत नाही. व्हॉइसमेलवर नाव, जन्मतारीख, तिकिटाची तारीख आणि परत फोन करण्याचा नंबर सावकाश सांगा. एल पासोकडचा कोपरा माउंटन टाइममध्ये आहे, बाकीचं टेक्सस सेंट्रलमध्ये, हेही ध्यानात ठेवा.

तिकीट मिळून चार दिवसच झाले असतील तर ते न सापडणं स्वाभाविक आहे. पोलीस ते कोर्टात पाठवतो, क्लार्क नोंद करतो, त्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात. 'सिस्टीममध्ये नाही' या उत्तराचा अर्थ तिकीट रद्द झालं असा नाही. अशा गुन्ह्याची रीतसर तक्रार दाखल करायला सरकारकडे घटनेपासून दोन वर्षं असतात. दर आठवड्याला पुन्हा विचारा, आणि ज्या दिवशी विचारलं ती तारीख आणि क्लार्कचं नाव टिपून ठेवा. दुसरं म्हणजे हजर राहण्याच्या तारखेआधी आपलं म्हणणं लेखी पाठवून द्या. केस नंबर नसला तरी सायटेशन नंबर आणि नाव घालून पाठवता येतं.

आपल्या नावांमुळे शोध हमखास चुकतो. भारतीय पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. क्लार्क कधी ते सगळं पहिलं नाव म्हणून टाकतो, कधी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी जातं. क्षीरसागर, वैद्य, दीक्षित अशा आडनावांची रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होतात. म्हणून नावाने शोधू नका. सायटेशन नंबर द्या, तो नसेल तर लायसन्स नंबर. नावानेच शोधायची वेळ आली तर तिन्ही नावं अक्षर अक्षर सांगा आणि प्रत्येक नाव आडनाव म्हणून शोधून बघायला सांगा. जन्मतारीख सांगताना महिना आधी. पाच एप्रिलचं चार मे झालं की रेकॉर्ड सापडत नाही.

तिकीट फार जुनं असेल आणि कुठल्या काउंटीचं हेच कळत नसेल तर उलट्या बाजूने या. टेक्सस सरकारच्या वेबसाइटवर लायसन्सची स्थिती तपासता येते. एखाद्या कोर्टाने रिन्यूअल अडवलं असेल तर ते तिथे दिसतं. अशी अडवणूक ज्या ओम्निबेस नावाच्या व्यवस्थेतून होते, तिच्या शोधपानावर कोर्टाचं नाव आणि फोन मिळतो.

तारीख पाळणं हेच निम्मं काम

कायद्यानुसार हजर राहण्याची तारीख तिकिटानंतर किमान दहा दिवसांनी असते. त्या तारखेला पाच तास गाडी चालवून तिथे पोचायलाच हवं असं नसतं. बहुतेक जेपी कोर्टांत त्या तारखेपर्यंत पोस्टाने, काही ठिकाणी ईमेलने किंवा वेबसाइटवरून, आपलं म्हणणं कळवलं की पुरतं. तीन उत्तरं शक्य आहेत: दोषी, निर्दोष, किंवा नो कॉन्टेस्ट. अपघात झाला असेल आणि समोरचा भरपाईचा दावा करण्याची शक्यता असेल तर 'दोषी' म्हणू नका. नो कॉन्टेस्ट त्या दिवाणी दाव्यात तुमच्याविरुद्ध कबुली म्हणून वापरता येत नाही.

पोस्टाने पाठवत असाल तर सर्टिफाइड मेल, पोच पावतीसह. नीट पत्ता घालून, टपालाचं तिकीट लावून, शेवटच्या तारखेपर्यंत टाकलेलं आणि पुढच्या दहा दिवसांत कोर्टात पोचलेलं पत्र वेळेत आलेलं धरतात. पण इतकं काठावर जाऊ नका. मुदतवाढ हवी असेल तर तारखेआधी फोन करा. ती मिळणं क्लार्कच्या आणि जेपीच्या मर्जीवर असतं, पण तारखेआधी सभ्यपणे मागणाऱ्याला बरेचदा मिळते. तारीख उलटल्यावर मागणाऱ्याचं प्रकरण वेगळ्या खणात गेलेलं असतं.

पहिला मार्ग: ड्रायव्हिंग सेफ्टी कोर्स

साध्या स्पीडिंगसाठी हा सगळ्यात भक्कम मार्ग आहे, कारण तुम्ही अटींत बसत असाल आणि वेळेत मागितलंत तर जेपीला नाही म्हणता येत नाही. अटी अशा. तुमच्याकडे टेक्ससचं लायसन्स हवं. व्हिसाच्या मुदतीपुरतं मिळणारं लिमिटेड-टर्म लायसन्सही टेक्ससचंच असतं, ते चालतं. भारताचं किंवा दुसऱ्या राज्याचं चालत नाही. लष्करातल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला यात सवलत आहे. गेल्या बारा महिन्यांत याच कारणासाठी कोर्स केलेला नको. वेग मर्यादेपेक्षा २५ मैल किंवा त्याहून जास्त नको, आणि मर्यादा काहीही असली तरी ९५ किंवा त्यावर नको. पश्चिम टेक्ससमध्ये आय-१० हायवेवर मर्यादा ८० आहे. तिथे ९६ म्हणजे फक्त १६ ने जास्त, तरी हा दरवाजा बंद. कामगार हजर असलेला कन्स्ट्रक्शन झोन नको, थांबलेल्या स्कूल बसला ओलांडल्याचं तिकीट नको, आणि व्यावसायिक लायसन्स असेल तर स्वतःची गाडी चालवत असलात तरी मिळत नाही.

मागताना पाठवायचं ते असं: दोषी किंवा नो कॉन्टेस्ट असं लेखी उत्तर आणि कोर्स करू देण्याची विनंती, लायसन्सची प्रत, चालू विम्याचा पुरावा, आणि कोर्टाने ठरवलेली फी. बहुतेक जेपी कोर्टांत ही १४४ डॉलर असते, शाळेच्या पट्ट्यातलं तिकीट असेल तर २५ डॉलर जास्त. यातला मोठा वाटा राज्याचा. लहान कोर्टं वैयक्तिक चेक घेत नाहीत. मनी ऑर्डर किंवा कॅशिअर्स चेक लागतो. कार्ड चालत असेल तर वर सेवाशुल्क. ऑनलाइन भरत असाल तर फार जपून: 'दंड भरा' आणि 'कोर्सची फी भरा' ही दोन वेगळी बटणं असतात, आणि काही साइटवर दुसरं नसतंच. नसेल तर आधी फोन.

परवानगी मिळाल्या दिवसापासून ९० दिवस मिळतात. त्या ९० दिवसांत तीन कागद कोर्टात पोचायला हवेत. सहा तासांच्या मान्यताप्राप्त कोर्सचं प्रमाणपत्र. डीपीएसकडून मागवलेलं तुमचं प्रमाणित ड्रायव्हिंग रेकॉर्ड, टाइप थ्री-ए, दहा-बारा डॉलरचं. आणि गेल्या वर्षभरात असा कोर्स केलेला नाही असं शपथेवरचं निवेदन, ज्यावर नोटरी लागते. ती बहुधा तुमच्या बँकेत होते.

इथेच लोक अडकतात. कोर्स ऑनलाइन होतो, साधारण २५ डॉलरपासून, आणि शनिवारी बसून संपवला की काम झालं असं वाटतं. पण प्रमाणपत्राच्या दोन प्रती असतात, एक कोर्टासाठी आणि एक विम्यासाठी. विम्याची प्रत पाठवली की कोर्ट परत करतं. प्रमाणपत्रावर सही राहते. रेकॉर्ड मागवताना स्वस्त पडतं म्हणून टाइप वन किंवा टू मागवलं जातं, तेही परत येतं. काहीजण परवानगी यायच्या आधीच कोर्स उरकतात, आणि तो धरायचा की नाही यावरून वाद होतो. पहिल्या ३० दिवसांत तिन्ही कागद पाठवा, म्हणजे एखादा परत आला तरी हातात वेळ राहील. पाठवल्यावर दहा दिवसांनी फोन करून फाइल बंद झाली का ते विचारा.

सगळं जुळलं की तिकीट रद्द होतं. डीपीएसकडे फक्त कोर्स केल्याची नोंद जाते, आणि कोर्स केला म्हणून विमा कंपनीला प्रीमियम वाढवता येत नाही. ९० दिवस उलटले तर कोर्ट कारण विचारायला बोलावतं. तेव्हा नक्की जा किंवा उत्तर द्या, कारण न गेल्यास दंड लागतो आणि भरलेली फी बुडते.

जुने फॉर्म बघताना गोंधळू नका. या कोर्टांचे नियम १ जानेवारी २०२५ पासून कायद्याच्या ४५ व्या प्रकरणातून ४५-ए मध्ये गेले आहेत. कलमांचे आकडे बदलले, व्यवहार तोच राहिला.

दुसरा मार्ग: डिफर्ड डिस्पोझिशन

कोर्सच्या अटींत न बसणाऱ्यांसाठी हा आहे: दुसऱ्या राज्याचं लायसन्स, भारताच्या लायसन्सवर चालवणारे, वर्षभरात आधीच कोर्स केलेले. यात तुम्ही दोषी किंवा नो कॉन्टेस्ट म्हणता, जेपी निकाल राखून ठेवतो, आणि जास्तीत जास्त १८० दिवस तुमच्यावर अटी घालतो. मुख्य अट म्हणजे त्या काळात दुसरं तिकीट नको. दंडाइतकी रक्कम भरावी लागतेच. काळ नीट गेला तर केस रद्द होते आणि दोषी ठरल्याची नोंद जात नाही.

हा हक्क नाही, जेपीची मर्जी आहे. म्हणून विनंतीचं पत्र छोटं आणि स्वच्छ लिहा: किती वर्षं गाडी चालवता, आधीचं रेकॉर्ड काय, इतक्या लांबून येणं का अवघड आहे. रस्त्यावर पोलिसाचं वागणं कसं होतं याची तक्रार या पत्रात नको. विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावं: वय २५ च्या आत असेल आणि तिकीट गाडी चालवण्याच्या चुकीचं असेल, तर डिफर्डमध्येही कोर्स करायला लावतात. कामगार हजर असलेला कन्स्ट्रक्शन झोन आणि व्यावसायिक लायसन्स यांना हाही मार्ग नाही, आणि अशा कन्स्ट्रक्शन झोनमध्ये दंडही दुप्पट. त्या काउंटीत काम करणारा वकील तिथे परवडतो.

दुरुस्त करून सुटणारी तिकिटं

विमा होता पण कागद दाखवता आला नाही, तर त्या दिवशी विमा चालू होता याचा पुरावा दिला की तिकीट रद्द होतं. मात्र तारीख त्या दिवसाची हवी. थांबवल्यानंतर संध्याकाळी घेतलेली पॉलिसी चालत नाही. रजिस्ट्रेशन किंवा लायसन्सची मुदत संपली असेल तर २० कामाच्या दिवसांत रिन्यू करून, उशिराची फी भरून पुरावा दिल्यास जेपी २० डॉलरपर्यंत शुल्क घेऊन रद्द करू शकतो. फुटका दिवा वगैरे असेल तर पहिल्या तारखेआधी दुरुस्त करा, १० डॉलरपर्यंत. या तिकिटांचे पूर्ण पैसे भरून टाकणं म्हणजे निव्वळ नुकसान.

भारतातून आलेले आई-बाबा आणि मागचा सीट बेल्ट

टेक्ससमध्ये मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे, आणि १५ वर्षांवरच्या प्रवाशाला त्याचं तिकीट स्वतःच्या नावावर मिळतं, ड्रायव्हरच्या नाही. मूळ दंड २५ ते ५० डॉलर, वर कोर्टाचा खर्च. आईच्या नावाचं तिकीट पासपोर्टवरून लिहिलं जातं. त्यावर लायसन्स नंबर नसतो, त्यामुळे नंतर शोधताना नाव आणि जन्मतारीख एवढाच आधार. ते परत जाण्याआधी हे मिटवून टाका. मुंबईला गेल्यावर सुटलं असं होत नाही. उत्तर न दिलेल्या तिकिटावर वॉरंट निघू शकतं आणि पुढच्या वेळी आई-बाबा आले तेव्हाही वॉरंट जिवंत असतं. त्यांना इंग्रजी समजत नसेल आणि सुनावणी होणार असेल तर दुभाषा मागा. मराठीचा दुभाषा फोनवरून मिळू शकतो, पण आधी कळवावं लागतं.

आठ वर्षांखालचं, चार फूट नऊ इंचांपेक्षा बुटकं मूल चाइल्ड सीटशिवाय असेल तर तिकीट चालवणाऱ्याला, २५ ते २५० डॉलर.

लढायचं असेल तर

निर्दोष म्हणून कळवा. मग काउंटी ॲटर्नीशी, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाशी भेट ठरते, आणि बऱ्याच केसेस तिथेच तडजोडीने संपतात. नाहीतर जेपीसमोर खटला, हवं तर सहा जणांच्या ज्युरीसमोर. हरलात तर दहा दिवसांत काउंटी कोर्टात अपील. त्यासाठी दंड आणि खर्चाच्या दुप्पट रकमेचा बाँड लागतो आणि खटला पहिल्यापासून नव्याने चालतो. पाच तास दूरच्या काउंटीत दोन-तीन फेऱ्या होतील हे आधी हिशेबात धरा.

पैसे नसतील तर

हे सांगायला लाजू नका. दंड भरायची ऐपत आहे का हे विचारणं जेपीवर कायद्याने बंधनकारक आहे. हप्ते, समाजसेवा किंवा माफी यांपैकी काहीतरी मिळू शकतं. समाजसेवेत आठ तासांना किमान १०० डॉलर वजा होतात. विद्यार्थ्याने तारखेआधी बँकेचं स्टेटमेंट जोडून अर्ज केला तर तो वाचला जातो. अर्ज न करता गप्प बसलं तर ६० दिवसांनंतर थकबाकी वसुली एजन्सीकडे जाऊन त्यावर ३० टक्के चढू शकतात.

दुर्लक्ष केलं असेल तर आता काय

वॉरंट काढण्याआधी जेपीने फोनने किंवा पत्राने कळवून नवी तारीख द्यावी लागते. ते पत्र लायसन्सवरच्या पत्त्यावर जातं, आणि घरं बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ते मिळतच नाही. म्हणून पत्ता बदलला की डीपीएसला ३० दिवसांत कळवा आणि कोर्टालाही वेगळं कळवा.

हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा धरला जातो, म्हणजे एका तिकिटाची दोन होतात. कोर्ट ओम्निबेसमध्ये नाव टाकतं आणि लायसन्स रिन्यू होत नाही. काही काउंट्यांत गाडीचं रजिस्ट्रेशनही अडतं. तुम्ही आता दुसऱ्या राज्यात असलात तरी सुटका नाही, कारण बहुतेक राज्यं नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट या करारात आहेत आणि टेक्ससने कळवलं की तुमचं राज्य लायसन्स निलंबित करू शकतं. कॅलिफोर्निया, मिशिगन, ओरेगन, विस्कॉन्सिन अशी मोजकी त्यात नाहीत.

यातून बाहेर यायचं तर कोर्टाला फोन करा, दोन्ही केसेसचे नंबर घ्या, आणि वॉरंट मागे घेऊन नवी तारीख द्यायची विनंती लेखी पाठवा. सगळं मिटल्यावर ओम्निबेसचं १० डॉलर शुल्क भरून मोकळीक मिळते, पण कोर्टाने कळवल्यावर नोंद पुसली जायला काही दिवस लागतात. लायसन्सच्या कार्यालयात दुसऱ्याच दिवशी जाऊ नका.

टेक्ससमधली पॉइंट आणि सरचार्जची पद्धत १ सप्टेंबर २०१९ पासून बंद झाली आहे. तरी बारा महिन्यांत चार किंवा २४ महिन्यांत सात वेळा गाडी चालवण्याच्या चुकांसाठी दोषी ठरलात तर लायसन्स निलंबित होऊ शकतं.

'तुमचं तिकीट थकलं आहे, आज रात्रीपर्यंत भरा' असा एसएमएस आला तर लिंकला हात लावू नका. जेपी कोर्ट असं वसूल करत नाही, आणि सिग्नलवरच्या कॅमेऱ्याच्या तिकिटांवर टेक्ससने २०१९ मध्येच बंदी घातली, जुने करार असलेली मोजकी गावं सोडून. शंका आली तर यादीतून शोधलेल्या कोर्टाच्या नंबरवर स्वतः फोन करा.

व्हिसा असलेल्यांसाठी

साध्या स्पीडिंगच्या तिकिटाने व्हिसा जात नाही. दारू पिऊन गाडी चालवणं ही वेगळी गोष्ट आहे, ते तिकीट नाही, त्यासाठी लगेच फौजदारी आणि इमिग्रेशन असे दोन्ही वकील लागतात. पण तिकीट किरकोळ आहे म्हणून कागद टाकून देऊ नका. २०२५ च्या वसंतात अमेरिकेत अनेक परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदव्यवस्थेतली नोंद अचानक रद्द झाली होती. त्यांतल्या काहींच्या नावावर जुन्या वाहतूक तिकिटाखेरीज काही नव्हतं. कोर्टात दावे झाल्यावर एप्रिलअखेर नोंदी परत करायला सुरुवात झाली. त्या काळात ज्यांच्याकडे केस रद्द झाल्याचा कागद होता त्यांना वकिलाच्या हातात तो लगेच देता आला. नागरिकत्वाच्या अर्जातही आजवरच्या सायटेशनबद्दल विचारतात.

म्हणून केस संपली की क्लार्ककडून निकालाची प्रमाणित प्रत मागा, थोडी फी लागते. त्यावर केस नंबर, तिकिटाची तारीख, 'रद्द' हा निकाल आणि कोर्टाचा शिक्का आहे ना ते बघा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. लहान कोर्टं जुन्या फाइली ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, आणि दहा वर्षांनी मागायला गेलात तर देण्यासारखं तिथे काही उरलेलं नसतं.